मदत हवी आहे : कॉइलमधून रिकामा होणारा कपॅसिटर शून्यावर का थांबत नाही?

नमस्कार. बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी मी एक प्रयोग मांडत आहे. 100 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर 12 व्होल्टपर्यंत भारित करून तो आधी 10 किलोओहमच्या रोधकातून रिकामा केला. रोध आणि धारिता यांचा गुणाकार 1 सेकंद येतो, म्हणून तेवढ्या वेळात विभवांतर 36.8 टक्क्यांवर, म्हणजे सुमारे 4.4 व्होल्टवर, यायला हवे होते. प्रत्यक्षात 1.1 सेकंद लागले. अशा कपॅसिटरच्या छापील मूल्यात 20 टक्क्यांपर्यंत फरक असू शकतो, त्यामुळे त्याचे मला नवल वाटले नाही.

रोधकाऐवजी 10 मिलिहेन्रीची, 4 ओहम रोधाची कॉइल जोडल्यावर मात्र ऑसिलोस्कोपवरील रेषा शून्य ओलांडून ऋण बाजूला गेली. कपॅसिटरमध्ये काहीच उरलेले नसताना धारा पुढे का वाहते, हे विद्यार्थ्यांना कसे समजावून सांगावे? आणि हे दोलन थांबवण्यासाठी किती रोध जोडावा?

उत्तर :

कृपया तो इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आधी काढून ठेवावा. तुमच्या आकड्यांवरून गणित केले, तर सुमारे 3.2 मिलिसेकंदांनी विभवांतर उणे 6.3 व्होल्टपर्यंत जाऊ पाहते, आणि उलट विभवांतराने असा कपॅसिटर खराब होतो.

आता मूळ प्रश्न. रोधकात धारा किती वाहावी हे त्या क्षणीचे विभवांतर ठरवते, त्यामुळे दोन्ही बरोबरच ओसरतात. कॉइलमध्ये विभवांतर धारा ठरवत नाही, धारा किती वेगाने बदलावी हे ठरवते. विभवांतर धन असेपर्यंत धारा वाढतच राहते (कॉइलचा अल्प रोध क्षणभर बाजूला ठेवू), आणि ते शून्य होते तेव्हा फक्त ही वाढ थांबते. धारा त्या क्षणी सर्वाधिक असते. कपॅसिटरमधील 7.2 मिलिज्यूल ऊर्जा तोवर, कॉइलच्या रोधात उष्णता झालेला भाग वगळता, चुंबकीय क्षेत्रात गेलेली असते. ही धारा कमी व्हायची तर उलट विभवांतर हवे, आणि ते निर्माण होते कपॅसिटर उलट बाजूने भरला जाऊनच.

दोलन थांबण्यासाठी एकूण रोध किमान 20 ओहम हवा, म्हणजे कॉइलचे 4 धरून बाहेरून 18 ओहमचा रोधक पुरेल. दोलन दाखवायचेच असेल, तर छताच्या पंख्याचा 2.5 मायक्रोफॅरडचा नवा कपॅसिटर वापरावा. त्याला ध्रुवता नसते, आणि या कॉइलबरोबर तो साधारण 1000 हर्ट्झने दोलने देईल. ती थांबवण्यासाठी मात्र एकूण सुमारे 126 ओहम रोध लागेल.