लाइट गेल्यावर लटकलेलं रिमोट डिव्हाइस

लाइट गेल्यावर रिमोट डिव्हाइस (सर्व्हरवरची दूरच्या पीसीच्या स्क्रीनची नोंद) लटकलं की 'व्हॅरी ऑफ करून परत व्हॅरी ऑन मारा', म्हणजे सिस्टिमवर ते बंद करून परत चालू करा, असा सल्ला देतात. तो ठीक, पण एएस/४०० वर (आयबीएमचा सर्व्हर) जुना जॉब, म्हणजे आधीच्या सेशनचं काम, ते डिव्हाइस धरून बसला असेल तर तेवढ्यानं भागत नाही. आधी वर्क कॉन्फिगरेशन स्टेटसमध्ये (डिव्हाइसांची स्थिती दाखवणारी कमांड) डिव्हाइसखाली कुणाचा जॉब दिसतोय ते बघा आणि तो संपवा.

आमचा सर्व्हर वाळूजला, डेपो लातूरकडे. तिकडं लाइट गेली की पीसी धाडकन बंद, आणि इकडं सर्व्हरला पत्ताच नाही. त्याच्या लेखी सेशन चालूच. लाइट आल्यावर ऑपरेटर त्याच डिव्हाइस नावानं जोडायला गेला की ८९०२ एरर, म्हणजे डिव्हाइस उपलब्ध नाही. टेलनेटचा (पीसी ज्यावरून सर्व्हरला जोडतो ती सेवा) टाइममार्क टाइमआउट, म्हणजे पलीकडचा पीसी जिवंत आहे का हे तपासायची मुदत, मुळात ६०० सेकंदांचा असतो. तो उलटला की सर्व्हर आपणहून डिव्हाइस सोडतो, आणि श्रेय मात्र पीसी रिस्टार्ट करणाऱ्याला! चेंज टेलनेट अॅट्रिब्यूट्स कमांडमधून ही वेळ कमी करता येते. पण लिंक रडतखडत चालत असेल तर फार खाली आणू नका, चांगली सेशनंही तुटतील.

नाव न देता जोडलं तर सिस्टिम क्यूपीएडीईव्हीवालं (तिनं आपोआप नाव दिलेलं) मोकळं डिव्हाइस देते, अडचण टळते. फक्त डिस्कनेक्ट झालेला जॉब परत हवा असेल तर तोच यूजर आणि तेच डिव्हाइस लागतं. प्रिंटर सेशनला मात्र ठरावीक नाव ठेवाच, नाहीतर छापायची चलनं भलत्याच प्रिंट रांगेत जाऊन पडतात.