नोकरीच्या बॉण्डवर सही केली म्हणजे हक्क गहाण टाकले का?

काळा_कोट: काल इथे कुणीतरी लिहिलं, "सही करताना डोळे उघडे होते ना? मग आता राज्यघटना कशाला काढतोस?" तेव्हापासून डोकं तापलंय. 2025 चा विजया बँकेचा निकाल हे लोक काठीसारखा वापरतात. बँकेच्या एका मॅनेजरचा बॉण्ड असा: तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख भरायचे. त्याने निषेध नोंदवून भरले, कर्नाटक उच्च न्यायालयात दोन्ही पायऱ्यांवर जिंकला, दिल्लीत सर्वोच्च न्यायालयात हरला. मग 1986 चा ब्रोजोनाथ गांगुली निकाल कुठे गेला? पर्यायच नसलेल्याची सही ही कसली राजीखुशी, हे याच कोर्टाचं तेव्हाचं म्हणणं.

बापू_बँकवाले: निकाल वाचलात की मथळा? 1986 मध्ये कंपनी तीन महिन्यांची नोटीस देऊन विनाकारण हाकलत होती. इथे सिनियर मॅनेजर स्वतःहून गेला. आमच्या शाखेतला एकजण ऐन मार्चएंडला गेला, वर्षभर जागा रिकामी. शिव्या काउंटरवर मी खाल्ल्या, तुमच्या राज्यघटनेतल्या समानतेच्या कलम 14 ने नाही.

चिडकी_डॉक्टर: दोन लाखांवर भांडताय? ठरलेली सरकारी सेवा केली नाही तर भरायचा आमचा एमबीबीएसचा बॉण्ड दहा लाखांचा, पीजीचा म्हणजे पदव्युत्तरचा पन्नास. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पीजीचे असे बॉण्डही वैध ठरवले, सरकार शिक्षणावर खर्च करतं म्हणून.

बांधावरून: मग करतंच की! आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर दिसला तर लोक तारीख लक्षात ठेवतात. साप चावलेल्या चुलत्याला जीपमध्ये घालून तालुक्याला नेलं होतं.

चिडकी_डॉक्टर: भाऊ, मी पूर्ण वर्ष काढलं, त्यातले चार महिने पगाराविना. क्वार्टरला दार होतं, कडी नव्हती. बॉण्ड माझ्या गळ्यात, सरकारच्या गळ्यात काय?

बांधावरून: पगाराचं चूकच. पण चुलत्याला ते सांगून काय उपयोग?

काळा_कोट: अहो, धागा दवाखान्यात नेलात! बँक सरकारी, म्हणून त्या मॅनेजरला निदान रिट, म्हणजे राज्यघटनेखाली थेट उच्च न्यायालयात याचिका, तरी करता आली. खासगी कंपनीतल्या पोराला कलम 14 चा काडीचा उपयोग नाही, त्याने दिवाणी कोर्टातच झिजायचं. आणि करार कायद्याचं कलम 74 सांगतं की बॉण्डातला आकडा ही वरची मर्यादा. त्याच्या आत वाजवी असेल तेवढीच भरपाई. हे एचआरवाले कधी सांगत नाहीत.

बापू_बँकवाले: बरं बाबा, 74 मान्य. त्या पगाराला दोन लाख जड नव्हते, हेही कोर्टाने पाहिलंच. वीस लाख असते तर मी तुमच्या बाजूने असतो. झालं समाधान?

चिडकी_डॉक्टर: आणि पन्नास असले की, बापू?

बापू_बँकवाले: जेवायला हाक मारतायत. येतो.