बूटस्ट्रॅपमध्ये एक रंग बदलायला सॅस शिकावंच लागावं का?

नौपाडा_लेआउट
नौपाड्यातल्या क्लासची, घणसोलीतल्या सोसायटीची साइट बरेचदा कोरलड्रॉवर हात बसलेल्या डिझायनरकडेच येते. तो बूटस्ट्रॅप ५.३ या वेब-टूलकिटची तयार सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी फाइल) जोडतो, रूटमध्ये, म्हणजे अख्ख्या पानासाठी, ‘बीएस-प्रायमरी’ या मुख्य रंगाच्या व्हेरिएबलला मरून रंग देतो, पान रिफ्रेश करतो. बटण निळं ते निळंच! कारण बटणाचा सीएसएस-क्लास (त्याचं रूप ठरवणारा नियम) त्या व्हेरिएबलकडे बघतच नाही. कंपाइल होतानाच, म्हणजे सॅस या भाषेतल्या फाइलींतून सीएसएस तयार होतानाच, निळ्याचा कोड बटणाच्या ‘बीएस-बीटीएन-बीजी’मध्ये थेट लिहिला गेलेला असतो. ‘बीजी-प्रायमरी’ हा पार्श्वभूमीचा क्लास रंग घेतो ‘बीएस-प्रायमरी-आरजीबी’मधून, लिंक घेते तिसरीकडून. नवशिक्याला वाटतं आपलंच चुकलं, आणि तो तिथेच सोडून देतो.

रंग, गोलाई, फॉन्ट, अंतर एवढ्याची एक छोटी थीम फाइल टूलकिटनेच द्यावी आणि सगळ्या कंपोनंटनी त्यातूनच घ्यावं. सॅस, आणि तो चालवायला लागणारी नोड, एनपीएम ही साधनं ज्याला हवं त्याने वापरावं.

कोपरखैरणे_सॅस
माझा विरोध आहे. सॅस नुसता रंग चिकटवत नाही. बटणावरची अक्षरं काळी की पांढरी, हे तो किमान ४.५ कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाचं गुणोत्तर) धरून ठरवतो. पांढरी असतील तर होव्हरची (बटणावर माउस नेल्यावरची) पार्श्वभूमी १५ टक्के गडद करतो. तुमच्या फाइलमध्ये कुणी झेंडूचा पिवळा भरला तर वर पांढरी अक्षरं तशीच राहतील. तशा पिवळ्यावर पांढऱ्याचं कॉन्ट्रास्ट जेमतेम १.६ भरतं. भर उन्हात वाशी स्टेशनबाहेर मोबाइलवर ते बटण कुणाला दिसणार?

नवशिके खरे अडतात ते सॅस फाइलमधल्या क्रमावर. आधी बूटस्ट्रॅपची फंक्शन्स, मग आपली व्हेरिएबल्स, मग बूटस्ट्रॅपची. त्यांच्या व्हेरिएबल्सना ‘डिफॉल्ट’ लावलेलं असतं, म्हणजे आधी मिळालेली किंमत टिकते. आपलं सगळ्यात शेवटी लिहिलं तर एररही येत नाही आणि रंगही बदलत नाही. हे एका पानावर, चुकीचं उदाहरण शेजारी ठेवून सांगा. निम्मे प्रश्न तिथेच मिटतील.

नौपाडा_लेआउट
कॉन्ट्रास्टचं पटलं. म्हणून थीम फाइलमध्ये रंग जोडीनेच मागावा: पार्श्वभूमी आणि तिच्यावरची अक्षरं. फ्लेक्स करणारा माणूस रोज तसंच निवडतो. होव्हरसाठी मात्र सॅस नको. ‘कलर-मिक्स’ हे दोन रंग मिसळणारं सीएसएसचं फंक्शन २०२३ पासून सगळ्या मुख्य ब्राउझरांत चालतं. मूळ रंगात १५ टक्के काळा मिसळला की काम झालं.

कोपरखैरणे_सॅस
आणि अपडेट न झालेल्या अँड्रॉइडवर? व्हेरिएबलमध्ये काय भरलंय ते ब्राउझर आधी तपासत नाही, वापरायच्या क्षणी बघतो. तेव्हा ‘कलर-मिक्स’ कळलं नाही तर बटणाची पार्श्वभूमी पारदर्शक होते. त्याच्या वर साध्या रंगाची ओळ लिहून ठेवली असली तरी ती वाचवत नाही. पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं, म्हणजे बोट टेकवताच बटण गायब. फीचा फॉर्म भरणाऱ्या पालकाला काय वाटेल?

तुर्भे_टंक
तुम्ही दोघं रंगावरच अडलात. मराठी मथळ्यांचं काय? मजकुराची लाइन-हाइट (ओळीची उंची, अक्षराच्या आकाराच्या पटीत) १.५ आहे आणि तिला व्हेरिएबल आहे. मथळ्यांची १.२, तीही थेट लिहिलेली. ‘तुर्भे’ हा शब्दच घ्या: खाली उकार, वर रफार आणि मात्रा. दोन ओळींचा मथळा झाला की वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या रफारावर टेकतो. मराठीला १.४ ते १.५ लागतेच. शिवाय कुणी लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेखा तुटते. थीम फाइल करणार असाल तर मथळ्याची लाइन-हाइट तिच्यात पहिल्या पाचांत हवी, आणि नमुना पानावर एक तरी देवनागरी मथळा हवा. सॅसवाल्यालाही हे आज स्वतः शोधून काढावं लागतं.

कोपरखैरणे_सॅस
लाइन-हाइटला व्हेरिएबल द्यायला माझी ना नाही. त्यात हिशेब करायचा नसतो, नुसता आकडा आहे. फॉन्ट आणि गोलाईचंही तसंच. रंगाला मात्र माझा विरोध कायम.

नौपाडा_लेआउट
मग बूटस्ट्रॅपला बदल सुचवणाऱ्या दोन वेगळ्या पुल रिक्वेस्ट करू. पहिली लाइन-हाइट, फॉन्ट आणि गोलाईची. रंगाच्या दुसरीत ‘कलर-मिक्स’ची ओळ ‘सपोर्ट्स’च्या अटीत (ब्राउझरला कळत असेल तरच लागू) टाकतो, ज्याला ते कळत नाही त्या फोनवर होव्हरला मूळ रंगच राहील, बटण जागेवरून हलणार नाही. जुन्या वेबव्ह्यूवर (ॲपच्या आत चालणाऱ्या ब्राउझरवर) तुम्ही तपासून द्या. तिथे बिघडलं तर ती मी मागे घेईन.