दुसऱ्या मॅकवर सर्टिफिकेट दिसतं, पण साइन होत नाही

प्रश्न:
नमस्कार. ॲप मी एकटाच करतो, पण मशीन तीन आहेत: टेबलावरचा मॅक मिनी, सोबतचा मॅकबुक आणि रात्रीचे बिल्ड काढणारा एक जुना मॅक. ॲप स्टोअरसाठीचं ॲपल डिस्ट्रिब्यूशन सर्टिफिकेट (ॲप साइन करायला, म्हणजे त्यावर डिजिटल सही करायला लागतं ते) सात महिन्यांपूर्वी मिनीवर काढलं होतं. काल तेच ॲपलच्या डेव्हलपर पोर्टलवरून मॅकबुकवर उतरवलं. कीचेनमध्ये (मॅकची पासवर्ड आणि सर्टिफिकेटांची तिजोरी) नाव, मुदत सगळं बरोबर दिसतं, पण एक्सकोड (ॲप बनवायचं ॲपलचं साधन) म्हणतं प्रायव्हेट की, म्हणजे सही करणारी गुप्त किल्ली, नाही. मिनीवर सर्टिफिकेटच्या डाव्या बाजूला छोटा बाण आहे, मॅकबुकवर तो नाहीच. पोर्टलवर रिव्होकचं (सर्टिफिकेट रद्द करायचं) बटण समोर आहे. जुनं रद्द करून नवं काढू का?

उत्तर:
रिव्होक दाबू नका, तुमचं काहीही हरवलेलं नाही.

तुम्ही मिनीवर सर्टिफिकेटसाठी विनंती फाइल बनवलीत, तेव्हा प्रायव्हेट की तिथेच तयार झाली आणि तिथेच राहिली. ॲपलकडे फक्त तिची उघड जोडीदार, पब्लिक की गेली. त्यामुळे पोर्टलवरून कितीही वेळा डाउनलोड करा, हाती नुसतं सर्टिफिकेटच येणार. तो छोटा बाण म्हणजेच प्रायव्हेट की जोडीला असल्याची खूण.

मी एकदा रिलीजच्या संध्याकाळी घाईघाईत रिव्होक केलं होतं. माझा लॅपटॉप सुरू झाला आणि टीममधल्या बाकीच्या तिन्ही मशीन अडल्या. प्रोव्हिजनिंग प्रोफाइलही (ॲप आणि सर्टिफिकेट यांची सांगड घालणाऱ्या फाइली) नव्याने कराव्या लागल्या. स्टोअरवरच्या ॲपला धक्का लागला नाही, कारण तिथून लोकांना मिळणारी प्रत ॲपल स्वतः साइन करतं. पण स्टोअरबाहेर वाटायच्या मॅक ॲपचं डेव्हलपर आयडी सर्टिफिकेट रद्द झालं, तर त्याने साइन केलेलं ॲप लोकांना इन्स्टॉलच करता येत नाही. म्हणून रद्द करणं हा उपाय प्रायव्हेट की चोरीला गेली असेल तेव्हाचा.

मिनीवर कीचेन ॲक्सेस उघडा, सर्टिफिकेट एक्स्पोर्ट करा, पी-१२ प्रकार (सर्टिफिकेट आणि प्रायव्हेट की एकत्र असलेली फाइल) निवडा, दणकट पासवर्ड द्या. ती फाइल मॅकबुकवर नेऊन डबल-क्लिक केली की झालं. डेव्हलपमेंट सर्टिफिकेटसाठी (ॲप बनवताना चाचणीला लागणारं) मात्र हा खटाटोप करू नका, ते प्रत्येक मशीनचं वेगळं असलेलंच बरं. ते एक्सकोडला काढू द्या.

प्रश्नकर्ता:
पी-१२चा पर्याय फिका दिसतोय, निवडताच येत नाही.

उत्तर:
तुम्ही ‘सर्टिफिकेट्स’मध्ये आहात का? ‘माय सर्टिफिकेट्स’मध्ये जा आणि तिथली ओळ निवडा. जोडीला की असलेली सर्टिफिकेटंच तिथे दिसतात.

प्रश्नकर्ता:
जमलं! मॅकबुकवर बाण आला, आर्काइव्हही (स्टोअरला पाठवायचा बिल्ड) झालं. जुन्या मॅकवर तीच फाइल टाकली, पण एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून कमांड देऊन) बिल्ड चालवला की कोडसाइन, म्हणजे साइन करणारी कमांड, ‘एररसेकइंटर्नलकंपोनंट’ म्हणून थांबतं. त्याच मॅकसमोर बसून चालवलं तर चालतं.

दुसरं उत्तर:
इथे सर्टिफिकेट ठीक आहे, कीचेन कुलूपबंद आहे. समोर बसलात की परवानगीची चौकट येते आणि तुम्ही ‘ऑल्वेज अलाउ’ दाबता, एसएसएचवर ती दाखवायला जागाच नसते. बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये आधी ‘सिक्युरिटी’ कमांडच्या ‘अनलॉक-कीचेन’ने कीचेन उघडा. तरीही अडलं तर त्याच कमांडचं ‘सेट-की-पार्टिशन-लिस्ट’ एकदा चालवा, म्हणजे कोडसाइनला न विचारता की वापरता येते. मी बिल्डसाठी वेगळीच कीचेन ठेवतो, लॉगिनची कीचेन स्क्रिप्टच्या हाती देत नाही.

पुढे माणसं वाढली तर फास्टलेनचं (ॲपचे बिल्ड आपोआप काढायचं साधन) मॅच बघा. ते सर्टिफिकेट आणि की एन्क्रिप्ट करून खासगी गिट रेपोत (कोड ठेवायच्या सामायिक साठ्यात) ठेवतं, प्रत्येक मशीन तिथूनच घेते. बिल्ड मशीनवर ते ‘रीडओन्ली’ (फक्त वाचण्यापुरतं) चालवा, नाहीतर ती आपणहून नवं सर्टिफिकेट काढून बसेल.

प्रश्नकर्ता:
स्क्रिप्टमध्ये अनलॉक टाकलं, रात्रीचा बिल्ड निघाला. पी-१२ची एक प्रत एन्क्रिप्ट केलेल्या पेन ड्राइव्हवर ठेवली, पासवर्ड पासवर्ड मॅनेजरमध्ये. तिन्ही मशीनच्या डाउनलोड्समधल्या प्रती काढून टाकल्या. मनापासून आभार, काल रात्रभर बोट त्या बटणावरच होतं.