राटहाउस : टाउन हॉल, चावडी की आणखी काही?

जर्मनीतल्या ब्रेमेन शहरावरचा एक लेख मराठीत आणतेय. ‘राटहाउस’ला, म्हणजे तिथल्या नगरसभेच्या इमारतीला, सगळीकडे ‘टाउन हॉल’ लिहिलं आणि वाचताना खटकलं. आपल्याला टाउन हॉल म्हटलं की मुंबईतल्या १८३३ च्या इमारतीच्या पायऱ्या आठवतात, नाहीतर कोल्हापूरचं संग्रहालय. शहराचा कारभार तिथे नसतो. जर्मनमध्ये ‘राट’ म्हणजे सल्ला आणि सल्लामसलत करणारं मंडळही. मग ‘चावडी’ चालेल का?

*

ताई, कामं पाहिली तर चावडी अगदी जुळते. ब्रेमेनचं राटहाउस १४०५ ते १४१० मध्ये बांधलं. खालचं दालन बाजाराला, वरचं नगरसभेला आणि न्यायनिवाड्याला. वरच्या छताला आजही जहाजांच्या प्रतिकृती टांगलेल्या आहेत, इवल्या तोफांसकट. शहर कशावर जगत होतं ते मान वर केली की कळतं.

अडतं ते मालकीपाशी. चावडी सरकारची. पाटील-कुलकर्णी तिथे बसून सारा वसूल करायचे, आजही चावडीवाचन तलाठीच करतो. ब्रेमेनवर मात्र आर्चबिशप, म्हणजे तिथला सर्वोच्च ख्रिस्ती धर्माधिकारी, हक्क सांगत होता आणि शहराला तो मान्य नव्हता. समोरच्या चौकात शहराच्या स्वातंत्र्याचं प्रतीक मानल्या जाणाऱ्या रोलांड या वीराचा लाकडी पुतळा होता, तो १३६६ साली आर्चबिशपच्या माणसांनी जाळला. शहराने १४०४ मध्ये दगडी उभा केला, हातात तलवार, तोंड आर्चबिशपच्या कॅथेड्रलकडे, म्हणजे मुख्य चर्चकडे. लगेच पुढच्या वर्षी राटहाउसचं काम सुरू झालं. अशा इमारतीला सरकारी चावडी म्हणायला माझं मन घेत नाही. ‘नगरवाडा’ म्हणा, आणि वरच्या दालनाला ‘सदर’.

*

‘सदर’ लगेच घेतला! पण वाडा तरी कुणाचा? सरदाराचाच ना?

*

हो, आणि म्हणूनच तो हवा. इटलीतल्या सिएनाच्या लोकांनी आपल्या नगरसभेच्या इमारतीला ‘पालात्सो पुब्लिको’ म्हटलं, म्हणजे सगळ्यांचा वाडा. अशाच इमारतीला फ्रेंचमध्ये म्हणतात त्या ‘ओतेल द व्हील’मधलं ओतेलही मुळात बड्या लोकांचं घर, खाणावळ नव्हे. धन्याचा शब्द उचलून शहराने आपल्या नावावर केला. ‘नगरवाडा’ तेच करतो.

लेखातल्या राटहाउसच्या फोटोखालची ओळ तेवढी तपासा. दर्शनी भागाला आजचं नक्षीदार रूप १६१२ पर्यंत ल्युडर फोन बेंथाइम या वास्तुकाराने दिलं. त्याला ‘मध्ययुगीन’ लिहू नका, मध्ययुगीन आहे तो आतला सांगाडा.