किटफो, साजूक तूप आणि "तिखटाने जंतू मरतात"

खवट खोबरं:
परवा इथे "इथिओपियन किटफो घरच्या घरी, वीस मिनिटांत" असा धागा आला. (किटफो म्हणजे तिथला कच्च्या बारीक गोमांसाचा पदार्थ.) आधी हसलो, मग चिडलो, म्हणून हा वेगळा धागा. कृती अशी होती: सुपरमार्केटमधलं बीफ खिम्याचं पाकीट फोडा, साजूक तूप, लाल तिखट आणि मसाला वेलदोड्याची पूड कालवा, लिंबू पिळा, कच्चंच खा. वर शेरा, "तिखटाने जंतू मरतात, बिनधास्त खा."

मरत नाहीत हो. तिखटाने फक्त आपलं तोंड भाजतं. सबंध तुकड्यावर जंतू असतात ते बहुतेक वरच्या अंगाला. यंत्रातून खिमा काढला की ते आतबाहेर सगळीकडे कालवले जातात, आणि एका पाकिटात किती जनावरांचं मांस असतं देव जाणे. ई. कोलाय जंतूची भीती खिम्यालाच जास्त ती यामुळे. अमेरिकेचं कृषी खातं खिमा ७१ अंश सेल्सियसपर्यंत शिजवा म्हणतं, ते उगीच नाही.

आता म्हणाल, हा कोण शिकवणारा? मी अमेरिकेत, मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला राहतो, वरच्या मजल्यावर इथिओपियातल्या गुरागे जमातीचं कुटुंब आहे. किटफो मूळचा गुरागे लोकांचाच. मेस्केलच्या सणाला, म्हणजे २७ सप्टेंबरला, दरवर्षी बोलावणं असतं. त्यांची आई खाटकाला आधी सांगून पुठ्ठ्याच्या मांसाचा एकच तुकडा आणवते, त्याच दिवशीचा. खाली बसून सुरीने बारीक करत राहते. पांढरी शीर दिसली की सुरीच्या टोकाने उचलून वाटीत. दीड तास! मग कोमट नितेर किब्बे (त्यांचं मसाल्याचं तूप), मितमिता (तिखट मसाला), बाजूला आयिब (ताजं चीज) आणि कोचो (एन्सेट झाडाची भाकरी). हेही शंभर टक्के बिनधोक नाही, मला माहीत आहे. पण पाकिटाला त्याची सर नाही.

चिंचगुळे_आजी:
शिकवणी संपली का? तो धागा माझाच. दोनदा केला, घरात कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. ऑफिसातल्या इथिओपियन मुलाला डबा नेला, तोही काही बोलला नाही.

खवट खोबरं:
खाल्ला का त्याने?

चिंचगुळे_आजी:
हसला आणि झाकण लावून ठेवला. घरी नेऊन खाल्ला असेल.

अदिसकर:
वार कुठला होता, आजी?

चिंचगुळे_आजी:
शुक्रवार. त्याचं काय?

अदिसकर:
ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन असेल तर बुधवार-शुक्रवार त्यांचा उपास. मांस नाही, दूध नाही, लोणीही नाही. बिचाऱ्याला तुम्ही एकादशीला मटणाचा डबा दिलात.

बाकी मी इथिओपियात, अदिस अबाबामध्ये चार वर्षं काढली. पहिल्याच वर्षी पट्टकृमी झाला. औषधाच्या एका गोळीने गेला, पण आधी जे दिसलं ते इथे लिहीत नाही, लोक जेवत असतील. पूर्वी तिथली माणसं काही महिन्यांनी नेमाने कोसो नावाच्या झाडाच्या फुलांचा काढा प्यायची, जंत पाडायला. म्हणजे कच्चं खाल्ल्याने काय होतं हे त्यांना आपल्याआधी ठाऊक होतं, तरी खातात. मीही खातो, पण आता लेब-लेब, नुसतं कोमटलेलं. आणि कुणी "फ्रीझरमध्ये ठेवलं की झालं" म्हणायच्या आत सांगतो, नीट गोठवलं तर पट्टकृमीच्या अळ्या मरतात, जंतू नाही.

सरळ_बोलतो:
गोमांस कच्चं कसं खावं यावर मराठीत धागे! धन्य आहे. २०१५ चा गोवंश हत्याबंदीचा कायदा विसरलात वाटतं.

खवट खोबरं:
तो महाराष्ट्रात आहे, मेरीलँडमध्ये नाही. पुढे.

लोणकढी:
मूळ मुद्दा राहू दे, मला ते नितेर किब्बे खटकतंय. वेगळं नाव दिलं की झालं? आपण लोणी कढवताना विड्याचं पान टाकतो, माझी सासू मेथीदाणेही टाकते. तेच की हे! आणि त्यांचंही लोणी आंबवलेलं दूध घुसळून काढतात असं वाचलंय. साजूक तूप घातलं तर आजींचं काय चुकलं?

खवट खोबरं:
कारण त्यात कोरेरिमा (तिथली वेलची), कोसेरेत आणि बेसोबेला (तिथल्या सुगंधी वनस्पती), आलं, लसूण, हळद मंद आचेवर उकळतात, मग गाळतात. पानाच्या तुपाशी तुलना म्हणजे लोणकढी थापच.

लोणकढी:
नावावरून कोटी करू नका. बेसोबेला तुळशीच्याच कुळातली. आमच्याकडे कुळागरात तुळस टाकून कढवायचे.

घाटावरची:
तुळस? तुपात? आमच्याकडे खडेमीठ टाकतात, पान वगैरे कोकणी थेरं.

लोणकढी:
मीठ टाकलेलं तूप नैवेद्याला चालतं का तुमच्याकडे?

घाटावरची:
आमचा देव तुमच्याइतका चिकित्सक नाही.

अदिसकर:
भांडा खुशाल, पण तूप एकवेळ खपेल, मसाला वेलदोडा नाही. तो धुरावर वाळवलेला. मी एकदा कोरेरिमा संपली म्हणून वापरला, तर मांसाला चुलीतल्या लाकडाचा वास. कोरेरिमा गोडसर असते. त्यापेक्षा हिरवी वेलची घाला, थोडी.

चिंचगुळे_आजी:
बरं बाई. पाकिटाचा खिमा आणि ते "बिनधास्त" दोन्ही काढते धाग्यातून. तुम्हा पंडितांना एवढंच हवं होतं ना? त्या मुलाला सोमवारी विचारलं. शुक्रवारच्या उपासामुळेच अडला होता म्हणे, आणि शनिवारी तव्यावर पूर्ण शिजवून खाल्ला. वर म्हणतो, "छान होता, पण तो किटफो नव्हता." वेलदोडा मात्र राहणार. मला तो वास आवडतो.

खवट खोबरं:
आवडतो तर आवडतो. नाव तेवढं बदला, "आजींचा धुरकट खिमा" करा.

घाटावरची:
ते सगळं ठीक. पण तुपात मीठ टाकतात की नाही, हे अजून कुणी धड सांगितलेलं नाही.