सिडनी हार्बर: पायी की सायकलने?

सिडनीचं बंदर सायकलने पाहावं की पायी, या प्रश्नावर माझं मत पायीच. १९३२च्या हार्बर ब्रिजवर सायकलींची मार्गिका पश्चिमेला आहे, पादचाऱ्यांची पूर्वेला. ऑपेरा हाऊस मनसोक्त दिसतं ते पूर्वेकडूनच. पण खरा आनंद स्पिट ब्रिज ते मॅनली या सुमारे १० किमीच्या पायवाटेवर! हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढली, नदीची दरी बुडाली आणि हे बंदर तयार झालं, म्हणून किनारा इतका वळणावळणाचा. वाटेत ग्रोटो पॉइंटजवळ मूळनिवासींनी खडकात कोरलेली चित्रं आहेत. तिथे घाई अजिबात करू नका. (चढउतार, पायऱ्या बऱ्याच, बूट चांगले हवेत.) परतताना मॅनलीहून शहरातल्या ‘सर्क्युलर की’ या धक्क्याकडे जाणारी फेरीबोट घ्या आणि बाहेरच्या डेकवरच उभे राहा.